शोरूममध्ये भाव करायचा नाही म्हणे!

खंडाळ्यात निवृत्तीनंतर येऊन राहिलेल्या मंडळींत एक मत सध्या फार भाव खाऊन आहे. नवी गाडी घ्यायला गेल्यावर घासाघीस करणं सुशिक्षित माणसाला शोभत नाही, असं ते मत. किंमत कंपनीने ठरवलेली असते, डीलर बिचारा चिमूटभर नफ्यावर दुकान चालवतो, समोरचा सेल्समन आपल्या नातवाच्या वयाचा असतो. त्याला तासभर पिळून पाच-दहा हजार वाचवण्यात कसला पुरुषार्थ? आपण मॉलमध्ये साबणाच्या वडीचा भाव करतो का? मग गाडीचाच का करायचा? सगळ्यांना एकच भाव लावा आणि हा बाजारूपणा संपवा.

साबणाचं आधी उरकून घेतो. साबणाच्या वेष्टनावर छापतात ती कमाल किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाची ना नाही. डीमार्ट त्याच कमीवर उभं आहे आणि तिथे रांग लावणाऱ्याला कोणी बाजारू म्हणत नाही. गाडीवर तर अशी छापील किंमतही नसते. असतो तो एक्स-शोरूमचा आकडा, आणि त्याच्याखाली डीलरने जोडलेल्या आठ-दहा ओळी.

शिवाय हे मत मांडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे बंगले सुट्टीला भाड्याने जातात. मंगळवारी जे घर आठ हजारांत मिळतं तेच शनिवारी वीस हजारांना जातं, आणि एकतीस डिसेंबरचा आकडा फोनवरचा आवाज ऐकून ठरतो. त्यात मला वावगं काही दिसत नाही. मालकाला आपल्या मालाचा मोसम कळतो, इतकंच. मग गाडीच्या बाजाराचा मोसम गिऱ्हाईकाला कळला तर तो हलका कसा ठरतो?

आता मुख्य मुद्दा: कंपनीने ठरवलेली किंमत. या पायाचे दगड उपसायला दिल्लीपर्यंत जावं लागतं, पण तक्रार आपल्याच भागातली आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. पाठवणारा स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हणवत होता. त्याची तक्रार कंपनी ज्याला ‘वेस्ट-२’ म्हणते त्या विभागाबद्दल होती, म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र. आपलं मावळ त्यातच आलं. तक्रार अशी की कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा एक रुपयाही जास्त सोडायची डीलरला मुभा नाही, आणि सोडला तर दंड होतो.

आयोगाने चौकशी लावली. तिच्यातून जे बाहेर आलं ते आमच्या शिष्ट मंडळींनी एकदा वाचावं. कंपनीने काही संस्था नेमल्या होत्या. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, गाडी बघत, आणखी थोडं कमी करा म्हणून गळ घालत. सेल्समनने मान्य केलं की त्याचा आवाज किंवा चित्रीकरण पुराव्यासकट कंपनीकडे पोचे. मग डीलरला ईमेल, खुलासा, आणि खुलासा पटला नाही तर दंड. हा दंड नुसत्या डीलरशिपवर नसे. शोरूम मॅनेजर, टीम लीडर, थेट विक्री करणारा पोरगा यांच्यावरही तो बसे, आणि जोडीला गाड्यांचा पुरवठा थांबवण्याची धमकी. दंडाचे पैसे कुठे भरायचे आणि कशावर खर्च करायचे, तेही कंपनीच सांगे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनी अपिलात गेली आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर तिला स्थगिती मिळाली. याच प्रकारच्या आरोपावरून ह्युंदाईला २०१७ मध्ये झालेला ८७ कोटींचा दंड पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला होता, हेही सांगायला हवं.

निकालांचं काहीही होवो, माझा प्रश्न साधा आहे. किंमत खरोखरच ठरलेली असेल तर ती राखायला पहारा कशाला लागतो? पहारा लागला, कारण डीलर स्वखुशीने कमी घ्यायला तयार होते. एका रस्त्यावर चार शोरूम असल्या की त्यांची आपसात चढाओढ लागते, आणि तिचा फायदा गिऱ्हाईकाला व्हावा हीच स्पर्धा कायद्याची अपेक्षा आहे. २००२ च्या त्या कायद्यात पुनर्विक्रीची किंमत वरून बांधून देण्याविरुद्ध तरतूद आहे. कमी भावाने विकायची मोकळीक डीलरला स्पष्ट दिलेली असेल, तर त्यात अडचण नाही. म्हणजे जी मोकळीक कायदा गृहीत धरतो, तिचा वापर करायला आमच्या मंडळींना लाज वाटते.

आणि सेल्समनची कणव? या प्रकरणात त्या पोराच्या पगारावर घाला कोणी घातला, ते वर आलंच आहे. तो गिऱ्हाईकाने घातला नव्हता. भाव करणाऱ्यांतही उर्मट लोक असतात, हे मी नाकारत नाही. पाणी मागायचं, पोराला तीनदा टेस्ट ड्राइव्हला पळवायचं, ‘तुझ्या मॅनेजरला बोलाव’ म्हणून खेकसायचं, आणि गाडी भलतीकडून घ्यायची. अशांची बाजू मी घेत नाही. पण त्यांचा दोष उद्धटपणाचा आहे, भाव विचारण्याचा नाही.

एकच भाव हवा म्हणणाऱ्यांचं वय साठीच्या पुढे आहे, म्हणून त्यांच्याच तरुणपणाची आठवण देतो. तेव्हा एकच भाव होता. मोटारींच्या किमती सरकार बांधून देत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं किमतीचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. इकडे आकुर्डीच्या बजाज चेतकचे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. त्या काळात घासाघीस नव्हती, होता ‘ऑन’. नंबर लागलेला माणूस गाडी न वापरता वरचे पैसे घेऊन पुढे सरकवायचा, आणि घेणारा मुकाट मोजायचा. भाव एकच होता, फक्त तो कागदावर एक आणि पाकिटात दुसरा. ते सभ्य दिवस मला परत नकोत.

आता जरा कोटेशनच्या कागदाकडे येऊ, कारण वादाचा खरा जीव त्यात आहे. लोणावळ्यातल्या एका शिक्षकाने पहिलीच गाडी घ्यायची ठरवली आणि चिंचवडच्या बाजूच्या एका शोरूममधून आणलेलं कोटेशन मला दाखवलं. पेट्रोलची गाडी, एक्स-शोरूम नऊ लाख. त्याखालची ओळ: आरटीओ, १,१२,०००. आपल्या राज्यात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत एकरकमी वाहनकर ११ टक्के. नऊ लाखांवर ९९,००० झाले. नोंदणीची केंद्रीय फी ६०० रुपये, बँकेचा बोजा चढवायचा तर १५०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. वरचे किरकोळ आकार सढळ हाताने धरले तरी पाच-सात हजारांचा हिशोब लागत नव्हता. शिक्षक म्हणाले, “आरटीओचा आकडा आहे, सरकारी. त्यात काय बोलणार?” या एका वाक्यावर असले किती पाच-सात हजार वसूल होत असतील! आरटीओ म्हटलं की माणूस गप्प बसतो, कारण ते सरकारचं आहे असं त्याला वाटतं. करापुरतं ते सरकारचंच. त्याची पावती सरकारच्या नावाने मिळते, ती मागायची आणि तेवढेच पैसे द्यायचे.

त्याखाली विमा. कागदावर नुसता एक गलेलठ्ठ आकडा, फोड नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्याचा दर ठरलेला असतो, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. इथे भाव करता येत नाही हे खरं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचे दर २००७ पासून मोकळे आहेत. तो एका वर्षाचा घेता येतो, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो, आणि तो आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही. विमा नियामकाने डीलरांसाठी २०१७ मध्ये नियमावली काढली, तिच्यातही कंपनी निवडायचा हक्क गिऱ्हाईकाचाच आहे. शिक्षकांनी त्याच रकमेच्या संरक्षणाचा, त्याच ॲड-ऑनचा दर बाहेरून मागवला आणि तो शोरूमसमोर ठेवला. शोरूमने दुसऱ्या दिवशी आपला आकडा खाली आणला. मॅनेजरशी बोलावं लागलं म्हणे. म्हणजे काल तो आकडा कोणासाठी होता?

मग हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स. मोटार वाहन कायद्याच्या फीच्या तक्त्यात या नावाची रक्कम कुठेही नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, धुणं, तिच्यावर प्लॅस्टिक घालणं आणि काढणं, हा विक्रेत्याचा धंदा आहे आणि त्याचे पैसे एक्स-शोरूम किमतीत आलेले असतात. आमच्या भागात तर ही ओळ वाचून हसू येतं. चाकणला महिंद्र, स्कोडा-फोक्सवॅगन, मर्सिडीज, पिंपरीला टाटा, आणि जनरल मोटर्सने सोडलेल्या तळेगावच्या कारखान्यात आता ह्युंदाई. गाड्या आपल्या अंगणात बनतात आणि त्या उचलून आणण्याचं भाडं आपल्याकडूनच!

शेवटी ॲक्सेसरीज. इथे खंडाळेकरासाठी खास नमुना आहे. पत्ता ऐकला की सेल्समनचे डोळे लकाकतात. “सर, तुमच्याकडे पाऊस किती! अंडरबॉडी कोटिंग घ्याच, नाहीतर दोन वर्षांत पत्रा जाईल.” घाटमाथ्यावरचा पाऊस आम्हाला कोणी सांगायला नको. जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत आणि दाराच्या कड्या गंजतात. पण या वाक्याला एक उत्तर आहे आणि ते शिक्षकांनी दिलं. पत्रा दोन वर्षांत जाणार असेल, तर तेवढं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. त्यानंतर कोटिंगचा विषय निघाला नाही. टेफ्लॉन, सीट कव्हर, मॅट, मोबाइल होल्डर हे सगळं बाहेर मिळतं, आणि पॅकेज घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही, असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागायचं. लेखी कोणी देत नाही.

कर्ज आणि जुन्या गाडीचं एक्स्चेंज यांत मी शिरत नाही. एवढंच ध्यानात असू द्या की एका खिशातून दिलेला डिस्काउंट दुसऱ्या खिशातून परत घेण्याच्या या दोन जागा आहेत. आणि गाडी दहा लाखांच्या वर असेल, तर एक टक्का टीसीएस लागतो. तो आयकराच्या विवरणपत्रात आपल्या नावावर जमा दिसतो, तो खर्चात धरून रडायचं नाही.

माझं म्हणणं या कागदातून निघतं. घासाघीस म्हणजे एक्स-शोरूमवर पाच हजार सोडा म्हणून हात जोडणं, असं समजणाऱ्यालाच ती लाजिरवाणी वाटते. एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे कशाचे’ असं विचारणं, ही माझी घासाघीस. तिच्यात लाज वाटायची ती उत्तर देता न येणाऱ्याला.

डीलरचा नफा थोडा असतो, या मुद्द्यात तथ्य आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. कारखान्यातून गाडी निघाली की कंपनीची विक्री झाली. पुढे ती यार्डात उभी राहते ती डीलरने काढलेल्या कर्जावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीलरांच्या देशव्यापी संघटनेने, फाडाने, सांगितलं की यार्डांत ८० ते ८५ दिवसांचा माल पडून आहे, सुमारे ७९ हजार कोटी रुपयांचा. संघटनेच्या मते तो २१ दिवसांचा असावा. २०१७ च्या मे महिन्यात जनरल मोटर्सने भारतात शेवरले विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, २०२१ मध्ये फोर्डने हात झटकले. तेव्हा लाखो रुपये घालून काचेचे महाल उभारलेल्या डीलरांचं काय झालं, ते पुण्याच्या रस्त्यांनी पाहिलं आहे. डीलर पिळला जातो हे खरं, पण पिळणारा त्याच्या वर बसलेला आहे. तिथे त्याचं काही चालत नाही, म्हणून त्याने हँडलिंगच्या नावाने माझ्याकडून वसूल करावं आणि मी ते दया म्हणून द्यावं, हा हिशोब मला मान्य नाही. त्याच यार्डातली गाडी रोज व्याज खाते, म्हणून ती लवकर जावी ही त्याचीही गरज असते. भाव होतो तो या गरजेवर.

मोसम म्हणालो तो हाच. पितृपक्षात शोरूममध्ये चिटपाखरू नसतं, मार्चअखेर आणि महिनाअखेर टार्गेट मानेवर असतं, डिसेंबरात चालू वर्षाच्या गाड्या जुन्या व्हायच्या बेतात असतात. याउलट दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताची वेळ ठरवून, पेढे घेऊन गेलेल्या कुटुंबाशी कोण भाव करील? २०२५ मध्ये तर गंमतच झाली. लहान गाड्यांवरचा जीएसटी सेसच्या भानगडीसकट २९-३१ टक्क्यांवरून १८ वर आला तो २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला. कर उतरला ते चांगलंच झालं. पण झुंबड उडाली की इतर ओळींकडे कोण बघतं?

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. घासाघिशीत बोलका जिंकतो आणि भिडस्त मरतो. बाई एकटी गेली, खेड्यातला माणूस पायजम्यात गेला, तर त्याला जास्त भाव लागतो. हे खरं आहे. इयान एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने शिकागोच्या परिसरात सारखीच वाक्यं पढवून वेगवेगळी माणसं डीलरांकडे पाठवली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. गोऱ्या पुरुषाला जो भाव मिळाला, तो गोऱ्या बाईला मिळाला नाही आणि काळ्या माणसांना तर त्याहूनही जास्त मोजावं लागलं. मग एकच भाव न्याय्य नाही का?

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे अमेरिकेतल्याच अभ्यासकांनी इंटरनेटवरून माहिती घेऊन गाडी घेणाऱ्यांचे व्यवहार तपासले, तेव्हा अल्पसंख्याकांना पडणारा हा जादा भुर्दंड बहुतेक नाहीसा झालेला दिसला. भाव करणं बंद झालं नव्हतं, भावाची माहिती हाती आली होती. त्याच देशात १९५८ साली खासदार माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला. तेव्हा डीलर वाहतुकीच्या नावाखाली मनाला येईल ते आकारत. ओळखीची गोष्ट वाटते ना? कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, जादा साहित्य आणि वाहतूक यांचे वेगवेगळे आकडे चिकटवणं सक्तीचं केलं. घासाघिशीला त्याने हात लावला नाही.

एकच भाव आपल्याकडेही आलेला आहे. चाकणच्या मर्सिडीजने २०२१ च्या ऑक्टोबरपासून गाड्यांचं बिल थेट कंपनीच्या नावाने फाडायला सुरुवात केली, देशभर एकच किंमत. त्या गिऱ्हाईकांची चिंता करायचं मला कारण नाही. पण तीच पद्धत आठ लाखांच्या गाडीला लावली, तर आज चार शोरूममध्ये फिरणाऱ्या माणसाला फिरायला जागा राहणार नाही. चार विक्रेते असताना जो भाव मिळतो, तो एकाच विक्रेत्याकडे का मिळावा? युरोपात फोर्ड आणि जग्वार लँड रोव्हर यांनी असाच बेत २०२४ मध्ये गुंडाळून ठेवला.

भिडस्तांची काळजी असेल, तर मागणी वेगळी करा. परिवहन खात्याने राज्यातल्या प्रत्येक डीलरला कोटेशनचा एकच नमुना बंधनकारक करावा: कर वेगळा, फी वेगळी, थर्ड पार्टी विमा वेगळा, उरलेला विमा वेगळा, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष त्याच कागदावर, आणि ज्या ओळीला पावती नाही ती ओळच नाही. खंडाळ्यातल्या ज्या मंडळींचे मंत्रालयात अजून फोन लागतात, त्यांनी सभ्यतेची शिकवण देण्यापेक्षा हा एक अर्ज करावा. पहिली सही मी करतो.

तोवर जे गाडी घ्यायला निघाले आहेत त्यांनी मुहूर्ताच्या महिनाभर आधी निघावं, तीन ठिकाणची कोटेशनं शिक्क्यानिशी लेखी घ्यावीत, विम्याचा दर बाहेरून मागवावा, आणि हँडलिंगच्या ओळीवर पेनाने रेघ मारल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नये.